नमस्काराच्या आधीचे सहा सेकंद

बाई गेल्याला सात महिने झाले, तेव्हा त्यांच्या मुलीने ठरवलं की बाबांच्या चॅनलला आता एक इंट्रो हवा.

"काय हवा?" कुलूपकाकांनी जेवता जेवता विचारलं.

"इंट्रो. व्हिडिओ सुरू व्हायच्या आधी पाच सेकंद काहीतरी येतं बघा. नाव येतं, चित्र येतं, थोडं संगीत वाजतं. म्हणजे लोकांना कळतं, हे आपल्या ओळखीच्या माणसाचं आहे."

"कळतंच की लोकांना. माझे हात दिसतात."

हे खरं होतं. 'कुलूप-किल्ली' या चॅनलवर एकशे अठरा व्हिडिओ होते आणि त्या सगळ्यांत मिळून काकांचे फक्त दोन हात दिसत. आवाज त्यांच्या बायकोचा, म्हणजे बाईंचा. बाई चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि समोर वर्ग नसला की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. शेवटी त्यांनी नवऱ्याचं दुकान गाठलं. काका कुलूप उघडायचे आणि बाई मोबाईल धरून ते कसं उघडलं हे जगाला समजावून सांगायच्या. अडकलेलं दार, तुटून आत राहिलेली किल्ली, नंबर विसरलेली पेटी, असा एकेक धडा. काका एकाही व्हिडिओत एक शब्द बोलले नव्हते. घरातही त्यांना बोलायची फारशी संधी मिळाली नव्हती आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती.

तीन दिवसांच्या तापाने बाई गेल्या. त्यानंतर चॅनलवर नवं काही आलं नाही. काका सकाळी दुकान उघडत, किल्ल्या घासत, संध्याकाळी घरी येत. मुलगी दर रविवारी यायची, दोघांचा स्वयंपाक करायची आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता जेवायची.

"तुम्ही परत व्हिडिओ करा, बाबा," ती म्हणाली. "बोलू नका हवं तर. नुसते हात दाखवा."

"सुरुवात कोण करणार?" काका म्हणाले. "तुझी आई नमस्कार म्हणाली की माझे हात चालायला लागायचे."

"म्हणून तर इंट्रो. सुरुवात मशीनला करू दे."

मुलगी एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. पेशंटची नावं लिहून घेणं, फोन घेणं, घाबरलेल्यांना धीर देणं हे तिचं काम. महिन्यापूर्वी तिने डॉक्टरांसाठी एआयच्या एका फुकट टूलवर असाच एक इंट्रो करून दिला होता. त्यात एक चकचकीत दाढ स्वतःभोवती फिरायची आणि शेवटी डोळा मारायची. डॉक्टर खूश होते. त्यामुळे मुलीला या कामाचा आत्मविश्वास आला होता.

ताटं उचलून झाल्यावर दोघं मोबाईल घेऊन बसले. टूलने पहिला प्रश्न विचारला: तुमच्या ब्रँडचं सार तीन शब्दांत सांगा.

"ब्रँड म्हणजे कोण?" काकांनी विचारलं.

"म्हणजे आपण."

काकांनी बराच विचार केला. "जोर लावू नका," ते म्हणाले. प्रत्येक व्हिडिओत बाई हे वाक्य दोनदा तरी म्हणायच्या.

मुलीने तसं लिहिलं. टूलने मिनिटभर गरगर फिरून एक घामाघूम पैलवान पाठवला. तो डोक्यावर भलंमोठं वजन उचलत होता आणि पाठीमागे वीज कडाडत होती.

"ह्याने जोर लावलाय," काका म्हणाले.

मग मुलीने सरळ 'कुलूप, किल्ली, विश्वास' असं लिहिलं. टूलला किल्ली म्हणजे किल्ला वाटला. बुरूज आला, तोफ आली, तोफेतून धूर आला आणि धुरातून 'विश्वास' हा शब्द बाहेर आला. तिसऱ्या खेपेला मात्र किल्ली आली, ती धरणारा हातही आला. मुलीला तो आवडला. काकांनी चष्मा चढवून बोटं मोजली.

"सहा आहेत."

"काय सहा?"

"बोटं. मला एक जास्तीचं असतं तर मीही आणखी लवकर उघडलं असतं."

चौथ्या वेळी सगळं ठीक होतं, फक्त चॅनलचं नाव 'कुपूल-लिल्की' असं आलं. मुलगी हसली. "आई असती तर लाल पेन घेऊन…" एवढं म्हणाली आणि थांबली. काका पाणी प्यायला उठले. पाणी पिऊन आले तोवर पाचवा इंट्रो तयार होता.

पडद्यावर एक सोन्याचं कुलूप हवेत तरंगत होतं. ढोल वाजला, कुलूप आपोआप उघडलं, आतून पिवळाजर्द प्रकाश आला आणि विहिरीतून बोलल्यासारख्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "कुलूप-किल्ली. विश्वासाची सुरुवात." नाव बरोबर होतं.

"कसा आहे?" मुलीने विचारलं.

"हे किल्लीशिवायच उघडलं," काका म्हणाले. "मग लोक माझ्याकडे कशाला येतील?"

"बाबा, पाचच सेकंदांचा आहे."

"बरं," काका म्हणाले. मुलगी किती दिवसांनी इतकं बोलत होती. त्यांना ते मोडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत मुलीने दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर चॅनल उघडलं. टूलने विचारलं: हा इंट्रो तुमच्या सर्व व्हिडिओंना लावायचा का? सगळीकडे एकसारखं दिसलं तर बरंच, असा विचार करून तिने 'हो' दाबलं. तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. थोड्या वेळाने निरोप आला की एकशे अठरा व्हिडिओंच्या सुरुवातीचा अनावश्यक भाग काढून टाकून त्या जागी इंट्रो जोडला आहे. नावं, आकडे, खालच्या प्रतिक्रिया, सगळं जिथल्या तिथे आहे. अभिनंदन. मुलीला बरं वाटलं. तिने दोन-चार व्हिडिओ वरवर बघितले. सोन्याचं कुलूप झकास दिसत होतं.

आता यात चूक कोणाची म्हणायची हा प्रश्नच आहे, कारण काकांनी एक गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती.

बाईंना मोबाईलचं सगळं यायचं, पण लाल बटण दाबल्यावर शूटिंग नेमकं कधी सुरू होतं हे शेवटपर्यंत उमगलं नव्हतं. बटण दाबून त्या आधी काकांकडे बघायच्या, मग गळा खाकरून नमस्कार म्हणायच्या. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला पाच-सहा सेकंद भलतंच काहीतरी असायचं. "अहो, हात उजेडात घ्या. अहो, खिडकीच्या उजेडात." किंवा, "नखं बघा जरा स्वतःची." किंवा, "कालचाच शर्ट आहे ना हा? असू दे, हातच दिसतात." किंवा नुसतंच, "हं. झालं का तुमचं? लागला का लाल?" आणि मग एकदम शाळेतला स्वच्छ आवाज: "नमस्कार. आज आपण बघणार आहोत…"

सात महिने काका रोज सकाळी दुकान उघडलं की एक व्हिडिओ लावायचे. नमस्कार आला की बंद करायचे. नमस्कारापासून पुढची बाई सगळ्यांची होती. त्याच्या आधीची फक्त त्यांची. एकशे अठरा संपले की पुन्हा पहिल्यापासून. रोज एकच. जास्त ऐकले तर बोलणं झिजेल अशी त्यांना उगाचच धास्ती होती.

मंगळवारी सकाळी त्यांनी दुकान उघडलं, स्टुलावर बसले, चष्मा लावला आणि त्या दिवसाचा व्हिडिओ लावला. ढोल वाजला. सोन्याचं कुलूप उघडलं. विहिरीतला माणूस बोलला. आणि लगेच, "नमस्कार. आज आपण…"

आपण चुकून दुसरंच काही लावलं असं त्यांना वाटलं. त्यांनी मागचा लावला. ढोल. त्याच्या मागचा लावला. ढोल. एकामागून एक त्यांनी सव्वीस व्हिडिओ लावले आणि सव्वीस वेळा ते कुलूप किल्लीशिवाय उघडलं.

"काका, उघडेल ना?" समोरून कोणीतरी विचारलं.

"काय?"

"बॅग."

एक तरुणी केव्हापासून काउंटरसमोर उभी होती. तिच्या प्रवासी बॅगेचं नंबराचं कुलूप अडकलं होतं आणि तासाभराने तिची गाडी होती. काकांनी बॅग पुढे ओढली. असली कुलपं ते एरवी बोलता बोलता, म्हणजे बाई बोलता बोलता, उघडायचे. आज हाताला काही लागेना. त्यांनी पकड घेतली आणि दाबली. कड असा आवाज झाला, कुलूप निघून हातात आलं आणि त्याच्याबरोबर बॅगेची अर्धी चेनही आली.

दोघंही थोडा वेळ त्या चेनकडे बघत राहिले.

"तुमच्याकडे हलक्या हाताने उघडतात असं ऐकलं होतं," ती म्हणाली.

काकांनी तिची क्षमा मागितली, दुकानातली सुतळी घेऊन बॅग चारी बाजूंनी आवळून बांधली, तिला गाडीपर्यंत पोचवायला रिक्षा बघून दिली आणि शटर ओढून मुलीच्या दवाखान्याकडे चालत निघाले. फोनवर हे सांगता येण्यासारखं नव्हतं. प्रत्यक्ष कसं सांगायचं तेही त्यांना माहीत नव्हतं.

ते पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. मुलगी तिच्या टेबलावर नव्हती. कोणाची तरी कवळी तयार झाली होती, ती आणायला गेली होती. काका बाकावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे ओले, हनुवटी थरथरतेय. दातांच्या दवाखान्यात अशा माणसाकडे बघून कोणाच्या मनात काय येणार? आतली नर्स बाहेर आली आणि तिने एका नजरेत निदान केलं.

"खूप दुखतंय का, काका?"

काकांनी मान हलवली. दुखत तर होतंच.

"कधीपासून?"

"सात महिने," काका म्हणाले.

"अगंबाई. सात महिने अंगावर काढलंत?" तिने बाकीच्या पेशंटकडे बघितलं. त्या तिघांनीही, त्यातल्या एकाचा गाल टोमॅटोसारखा सुजलेला असूनही, आधी काकांना घ्या असं सांगितलं. डॉक्टरांनी काकांना यापूर्वी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, डोक्यावरचा दिवा ओढला आणि प्रेमाने विचारलं, "कुठे?"

आपण पेशंट नाही, बाहेर बसणाऱ्या मुलीचे वडील आहोत, हे सांगण्यासाठी काकांनी तोंड उघडलं. तोंड उघडल्याबरोबर डॉक्टरांनी त्यात आरसा घातला. आणि दैव असं की, आत खरोखरच एक दाढ किडलेली निघाली.

"ही बघा," डॉक्टर म्हणाले. "पण फार चांगल्या वेळेला आलात."

मुलगी कवळी घेऊन परत आली आणि आत डोकावली, तेव्हा तिचे वडील तोंडात कापूस घेऊन छताकडे बघत होते. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि नर्स ते टिपत होती.

"बाबा? तुम्ही इथे कसे?"

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे आणि मग काकांकडे बघितलं. "हे तुझे वडील? बोलले नाहीत ते."

"ते बोलत नाहीतच," मुलगी म्हणाली.

काकांनी कापूस काढला. अर्धं तोंड बधिर होतं. "आईची थुवात गेली," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"थुवात. नमथ्काराच्या आधीची."

"बोलू नका, बाबा. तासभर असंच राहील." तिने त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणून बसवलं. त्यांनी तिच्या टेबलावरचं पेन ओढलं आणि पेशंटला पुढची तारीख लिहून देतात त्या कार्डाच्या पाठीमागे लिहिलं. लिहायला त्यांना वेळ लागला. नमस्कार म्हणायच्या आधी ती माझ्याशी बोलायची, ते सगळ्या व्हिडिओंतून गेलं. मी ते रोज ऐकत होतो.

मुलीने कार्ड वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग ती कॉम्प्युटरकडे वळली आणि टूल उघडलं. तिथे एका कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, 'पूर्ववत करा' असं एक बटण होतं. तिने ते दाबलं.

'पूर्ववत करण्याची चोवीस तासांची मुदत पंधरा मिनिटांपूर्वी संपली आहे. तुमचा दिवस शुभ असो.'

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मुलगी घड्याळाकडे बघत राहिली. बाबा सव्वाबाराला आले होते. तासभर डॉक्टर मन लावून त्यांच्या दाढेवर काम करत होते. तिला हुंदका आला. सुजलेल्या गालाचा पेशंट उठून पाणी आणायला गेला.

काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "दाढ बरी झाली," ते अर्ध्या तोंडाने म्हणाले.

पुढचे दोन दिवस मुलीने जे जे करता येईल ते केलं. बाईंच्या फोनमधली जागा सदा भरलेली असायची, म्हणून व्हिडिओ चॅनलवर चढवला की त्या फोनमधून पुसून टाकायच्या. तिथे काही मिळालं नाही. टूलच्या मदत-विभागात एक यंत्रच बसलेलं होतं. त्याला सगळं सविस्तर लिहून कळवलं, तर त्याने तिची गैरसोय आपल्याला समजते असं सांगून एक हसरा चेहरा पाठवला. मग आपण होऊन एक उपाय सुचवला. उरलेल्या व्हिडिओंतल्या आवाजावरून हरवलेला भाग नव्याने तयार करून मिळेल. काय बोलायचं तेवढं लिहून द्या.

गुरुवारी संध्याकाळी मुलगी दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. तिने फोन काउंटरवर ठेवला. "बाबा, एक केलंय. आवडलं नाही तर लगेच पुसून टाकीन."

तिने बटण दाबलं. बाईंचा आवाज आला. तंतोतंत बाईंचा. शब्दाच्या शेवटी किंचित चढणारा, जरासा घोगरा.

"कृपया आपले हात प्रकाशात आणावेत."

काका ऐकत राहिले. "परत लाव," ते म्हणाले. तिने परत लावलं.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"आईचाच आवाज आहे तो."

"आवाज तिचाच आहे. पण कृपया म्हणतेय." काकांच्या ओठांचा कोपरा हलला. "चाळीस वर्षांत मला कधी कृपया म्हणाली नाही. मी काय मुख्याध्यापक आहे?"

आणि ते हसले. सात महिन्यांत पहिल्यांदाच. मुलगीही हसली. मग काकांना हसू आवरेना, ते काउंटरवर डोकं टेकवून हसायला लागले आणि थोड्या वेळाने मुलीच्या लक्षात आलं की आता ते हसत नाहीयेत.

तिने शटर अर्धं खाली ओढलं आणि त्यांच्या शेजारी खालच्या खोक्यावर बसली.

"मला माहीत नव्हतं, बाबा."

"कसं असणार? मी कुठं सांगितलं होतं तुला."

"नाही, पण मला कळायला हवं होतं. इंट्रो लावल्यावर मी व्हिडिओ उघडून बघितले होते." ती आपल्या नखांकडे बघत होती. "आवाज बंद करून बघितले. आई गेल्यापासून मी आवाज लावलेलाच नाही. मला ऐकवत नाही. तिचा आवाज ऐकायला नको म्हणून ती सुरुवात गेलीय हे माझ्या लक्षातच आलं नाही."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला वंगण होतं, ते तिच्या केसांना लागलं आणि दोघांपैकी कोणी ते पुसलं नाही.

शुक्रवारी सकाळी काकांनी दुकान उघडलं आणि सवयीने फोन हातात घेतला. ढोल वाजला, कुलूप उघडलं, नमस्कार आला. त्यांचा अंगठा बंद करायला पुढे गेला आणि थांबला. बंद करून ऐकायचं काय? सुरुवात तर गेलीच होती. आता जे उरलं होतं ते हेच, सगळ्यांचं. त्यांनी व्हिडिओ चालू ठेवला.

बाईंचा अख्खा धडा ते पहिल्यांदाच ऐकत होते. शूटिंगच्या वेळी त्यांचं सगळं लक्ष कुलपात असायचं, त्यामुळे बाई काय सांगतायत हे कधी कानात शिरलंच नव्हतं. बऱ्याच गोष्टी चुकीच्या सांगत होत्या. स्प्रिंगला पट्टी म्हणत होत्या, पट्टीला खटका. काका दोन-तीनदा "नाही हो" असं म्हणालेसुद्धा. धडा संपला, बाईंनी सगळ्यांचा निरोप घेतला आणि मग चित्र हललं. छत दिसलं, पंखा दिसला, बाईंचा अंगठा दिसला आणि सगळं संपलं.

काका फोनकडे बघत राहिले. शूटिंग कुठे सुरू होतं हे जिला कळत नव्हतं, तिला ते कुठे संपतं हे तरी कसं कळणार? आणि इंट्रो लावणाऱ्या त्या टूलने शेवटांना हात लावलेला नव्हता. त्याचं वेगळं बटण होतं आणि त्याला पैसे पडत होते.

त्या दिवसापासून काका गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात शेवट बघायला लागले. बहुतेकांत काही नव्हतं. पंखा, अंगठा, कधी बाईंची साडी, कधी जमीन. एकात त्यांनी "चहा घेणार का?" असं विचारलं होतं आणि पलीकडून काकांचंच "हूं" ऐकू आलं होतं. त्या "हूं"चं काकांना फार वाईट वाटलं. नीट हो म्हणायला काय झालं होतं?

पुढच्या बुधवारी दुपारी ते चौऱ्याहत्तराव्या व्हिडिओवर आले. गंजलेल्या कपाटाचा धडा. त्यांचे हात तेलाने काळेकुट्ट झाले होते. धडा संपला, हात पडद्याबाहेर गेले. मागे नळाचा आवाज आला. बाईंनी फोन खाली ठेवला असावा, कारण नुसतंच लाकडी टेबल दिसत होतं. मग बाईंचा आवाज आला. वर्गातला नाही, घरातलाही नाही. वर्ग सुटल्यावर एखाद्या मागे राहिलेल्या पोरीशी बोलावं तसा.

"गेले हात धुवायला. आता खरं सांगू का? मी चौतीस वर्षं बडबड करून जेवढं शिकवलं नाही, तेवढं हे गप्प बसून शिकवतात. बघत राहावं असं काम आहे हो यांचं. पण त्यांना सांगू नका हं कोणी. डोक्यावर बसतील."

नळ बंद झाला. अंगठा आला.

परत लावावा म्हणून काकांनी पडद्याला बोट लावलं, ते घसरलं आणि खालच्या प्रतिक्रिया उघडल्या. प्रतिक्रिया वाचणं हे बाईंचं खातं होतं. काकांनी कधी तिकडे बघितलं नव्हतं.

सगळ्यात वर दोन दिवसांपूर्वीची होती: 'हे सोन्याचं कुलूप कुठून आलं? बाई सुरुवातीला काकांना ओरडायच्या ते परत लावा. आम्ही तेच बघायला यायचो.' काकांनी ते वाचलं आणि ते जरासे खट्टू झाले. ते फक्त आपलं आहे असं त्यांना वाटत होतं.

मग खाली जुन्या होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या.

'नाही सांगणार, बाई.'

'आमच्याकडूनही नाही.'

'माझं तोंड बंद. कुलूप लावलं.'

'आमचेही असेच आहेत. मी पण सांगत नाही.'

अशा एकसष्ट. माहीत नाही कुठकुठले एकसष्ट लोक. आणि तीन वर्षांत एकाने शब्द मोडला नव्हता. एकाने तेवढी शंका काढली होती: 'पण काकांनी स्वतःच हा व्हिडिओ बघितला तर?' त्याच्याखाली बाईंचं उत्तर होतं, पूर्णविरामासकट.

'ते कशाला बघतात? त्यांना माहीत आहे कुलूप कसं उघडतं.'

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी त्या सगळ्यांच्या खाली एकेक अक्षर शोधत लिहायला घेतलं. पंधरा मिनिटं लागली. मध्ये एक किल्ली करून द्यावी लागली.

पाचच मिनिटांत मुलीचा फोन आला. "बाबा, चॅनलवरून आत्ता कोणीतरी प्रतिक्रिया टाकलीय. चॅनलच्या नावाने, आईच्या फोटोसकट. 'मि पण नाहि सांगणार.' तुम्ही टाकली?"

"मी? छे. हॅक झालं असेल."

पलीकडे तिने ती ओळ पुन्हा पुटपुटत वाचली.

"हॅकरला ऱ्हस्व-दीर्घ येत नाही, बाबा."

"असेल एखादा कमी शिकलेला."

"पुसून टाकू?"

"राहू दे. तू आधी तो व्हिडिओ बघ. आवाज लावून. अगदी शेवटापर्यंत बघ."

"हॅकरने सांगितलंय का तसं?"

"हो," काका म्हणाले.

मुलीने फोन ठेवला नाही. मग दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमधून ढोलाचा आवाज आला, विहिरीतला माणूस काहीतरी म्हणाला आणि त्याच्या पाठोपाठ बाईंनी नमस्कार केला. काकांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. एक गिऱ्हाईक कुलूप घेऊन दारात आलं. काकांनी त्याला हातानेच स्टूल दाखवलं. तो धडा साडेनऊ मिनिटांचा होता.